आबांनी टाकलेली जोडी

वनाआबांनी अठ्ठीची जोडी टाकून दिली, तेव्हा त्यांच्या पाठीमागे पायरीवर बसलेल्या त्यांच्या लेकीला, ताईबाईला, आपण काहीतरी चुकीचं पाहिलं असंच वाटलं. तिने पानं नीट पाहिली होती. इस्पिकची अठ्ठी, बदामची अठ्ठी आणि पंजी. समोर डावात फक्त धनसिंग उरला होता, बाकीच्या चौघांनी आधीच पानं टाकली होती. आबांनी ती तीन पानं डोळ्यांपाशी नेली, बराच वेळ धरली, मग उपडी करून जाजमावर सरकवली आणि म्हणाले, "ने रे, तुझा डाव."

धनसिंगने चिंचोके ओढून घेतले. कोणाला काहीच वाटलं नाही, कारण आबांची पानं कोणी पाहिलीच नव्हती. ताईबाईने पाहिली होती. समोर एकच माणूस असताना अठ्ठीची जोडी टाकणं हे इतर कुणी केलं असतं तर ती हसली असती. पण तिला जोडी कशी खेळायची हे शिकवणारे आबाच होते.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचा, दुसरा दिवस होता. साल अठ्ठ्याऐंशी. पिंपळनेरच्या अलीकडे पांझरेच्या काठी आबांचं गाव. आखाजीला लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणत झोके घेतात, आणि बाप्ये उघड उघड पत्ते खेळतात. एरवी पत्त्यांवरून घरोघर भांडणं होतात, पण आखाजीला कोणी कोणाला बोलत नाही. या गावात एस.टी.तून निवृत्त झालेल्या झुलालनानांनी त्याला शिस्त लावली होती. पैसा लावायचा नाही. प्रत्येकाला सारखे चिंचोके मोजून द्यायचे, ज्याचे संपतील त्याने उठायचं. नाना मधूनमधून पितळी ताटावर पळी वाजवत, की डाव मांडायला टाकायचे चिंचोके दुप्पट होत. त्यामुळे नुसतं बसून राहणाऱ्याचाही ढीग आपोआप झिजायचा. शेवटी उरेल त्याला तांब्याचा हंडा. हंड्यापेक्षा नावच मोठं. आजूबाजूच्या गावांतून माणसं खेळायला येत. खेळ मात्र साधा, तीन पत्तीचा. ज्याला हातातले सगळे चिंचोके एकदम लावायचे असतील त्याने "बठ्ठा" म्हणायचं. म्हणजे सगळे. मग समोरच्याने तेवढे लावून पानं दाखवायची, नाही तर टाकायची.

ताईबाई लहान असताना चैत्रातल्या दुपारी, बाहेर चिटपाखरू नसायचं तेव्हा आबा तिला आणि धाकट्या भावाला, लोटनला, घेऊन ओसरीवर बसायचे. लोटनचं लक्ष लागायचं नाही. ताईबाईचं लागायचं. एक्के आणि राजे कोणालाही खेळता येतात, आबा म्हणायचे, माणसाची परीक्षा लहान जोडीत होते. दुर्री-तिर्रीची जोडी हाती आली आणि सहाजण डावात असले, तर एक चाल द्यायची आणि बघायचं. मागून दोघं जोर करायला लागले, की मुकाट्याने टाकायची, त्या जोडीवर जीव लावायचा नाही. सत्ती-अठ्ठी-नव्वीची जोडी जरा बरी, पण ती गर्दीत फुगवायची नाही, एकेकाला कमी करत न्यायचं. आणि समोर एकटाच उरला, की मग कोणतीही जोडी मोठी. चारातल्या तीन वेळा माणसाकडे जोडीसुद्धा नसते, नुसती मोकळी पानं असतात. आणि आपल्याकडे मूठभरच चिंचोके उरले असतील तर राजा-राणीची वाट पाहत बसायचं नाही. पहिली जी जोडी येईल, चौकीची का असेना, तिच्यावर सगळे लावायचे. वाट बघणाऱ्याला डावच खातो.

हे सगळं ताईबाईला पाठ होतं. लग्न होऊन धुळ्याला गेल्यावर तिने पत्त्यांना हात लावला नव्हता, पण आबांच्या तोंडची वाक्यं विसरली नव्हती. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी लोटनने जेवताना सांगितलं, की आबा आज दिवसभर आंधळी खेळले, म्हणजे पानं न पाहताच चाल देत राहिले, तेव्हा तिला नवल वाटलं होतं. पान न बघता खेळणं म्हणजे पाणी न बघता विहिरीत उडी, असं म्हणणारे आबा. लोटन मात्र खूश होता. तो स्वतः दुपारीच बाद झाला होता, पण आबांनी भल्याभल्यांना उठवलं होतं. गावात सगळे म्हणत होते की म्हातारा या वयात वाघ झाला. आंधळी खेळणाऱ्याला निम्मेच चिंचोके लावावे लागतात, आणि समोर वनाआबा आहेत म्हटल्यावर निम्मी माणसं भीतीनेच पानं टाकत होती. आबा हे सगळं ऐकत खाली मान घालून जेवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईबाई ताक घेऊन चावडीपाशी आली. कडुलिंबाखाली जाजमावर सहाजण उरले होते. पलीकडे चिंचेला बायकांचे झोके बांधले होते आणि गाणी चालली होती. बायका खेळापाशी थांबत नसत, पण ताईबाई माहेरवाशीण, आणि आबांची लेक. ती चावडीच्या पायरीवर टेकली, तर कोणी हरकत घेतली नाही.

अठ्ठीची जोडी गेल्यावर ती तिथून उठू शकली नाही.

पुढच्या काही डावांत आबा पानं बघत होते आणि टाकत होते. नानांनी पळी वाजवली. आबांचा ढीग दोन ओंजळींवरून एका ओंजळीवर आला. मग त्यांना चौकी, चौकी आणि दश्शी आली. डावात धनसिंग आणि गिरधर असे दोघंच होते, आणि गिरधर नुसता रेटत होता हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. आता आबा "बठ्ठा" म्हणणार असं ताईबाईला वाटलं. आबांनी पानांच्या कडांवरून अंगठा फिरवला, पानं उजेडाकडे तिरपी केली आणि टाकून दिली.

लगेच पुढच्या डावात त्यांच्याकडे गुलाम, राजा आणि दुर्री आली. तिन्ही वेगवेगळ्या रंगांची, कशाचा कशाला मेळ नाही. ताईबाईला वाटलं, हे तरी आता टाकतील. आबा म्हणाले, "बठ्ठा."

समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकामागून एक पानं टाकली. भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. पानं कोणी पाहिली नव्हती, पण आबांनी लावले म्हणजे पानं जबरच असणार. ताईबाई मात्र आता आबांनाच न्याहाळत होती. गिरधरने मधे एकदा डाव दाखवला, तर आबा त्याच्या पानांकडे न बघता म्हणाले, "बोलून सांग." झुलालनानांना कोणाची चाल आहे हे आबा दर वेळी विचारत होते. आणि पानं जेव्हा बघत, तेव्हा चित्रं असलेल्या पानांवर त्यांचं बोट थांबत होतं, ठिपक्यांच्या पानांवर नाही.

तिने ताकाचा पेला भरला आणि आबांच्या उजव्या बाजूला, गुडघ्यापाशी ठेवला. डावीकडे चिंचोके पसरले होते म्हणून उजवीकडे, बाकी तिच्या मनात काही नव्हतं. "आबा, ताक," ती म्हणाली. आबांनी डावा हात पुढे केला. जाजम चाचपलं, चिंचोके चाचपले, मग उजवा हात पेल्याच्या वीतभर पुढे नेऊन हवेत थांबवला. पेला उन्हाच्या कवडशात चकाकत होता. आबा हसून म्हणाले, "कुठं ठेवलंस गं?"

ताईबाईने पेला उचलून त्यांच्या हातात दिला. पलीकडची गाणी चालू होती, माणसं बोलत होती, पण तिला काहीच ऐकू येईना. ती वाकली आणि आबांच्या कानाशी घरच्या बोलीत म्हणाली, "आबा, तुले दिसत नही ना?"

आबांनी ताक पिऊन पेला खाली ठेवला. "हळू बोल," एवढंच म्हणाले.

ते हळू बोलणंच गिरधरला दिसलं. गिरधर दहिवेलकडचा कापसाचा व्यापारी, हरायला न आवडणारा. त्याने पानं खाली ठेवली आणि झुलालनानांना सांगितलं की ही बाई मघापासून म्हाताऱ्याच्या मागे बसून सगळ्यांची पानं बघते आहे आणि आता कानात सांगते आहे. मघाचा बठ्ठा उगाच नव्हता. वनाआबांसारख्या माणसाने हे करावं याचं त्याला वाईट वाटतं, असंही तो म्हणाला.

खेळ थांबला. नानांनी पळी ताटात ठेवली आणि ताईबाईकडे पाहिलं. तिने काय सांगितलं, ते सगळ्यांसमोर बोलावं, असं त्यांनी सांगितलं. खरं सांगावं तर आबांचं झाकलेलं उघडं पडतं, गप्प बसावं तर आबा लबाड ठरतात. भोवतीच्या गर्दीत लोटन उभा होता, तोही तिच्याकडे बघत होता.

आबांनीच तोंड उघडलं.

"पोरीले काही विचारू नका," ते म्हणाले. "माले दिसत नही. चित्रं दिसतस, ठिपका दिसत नही. दोन साल व्हई गयात."

धनसिंगच्या हातातली पानं तशीच पालथी राहिली. ज्यांनी काल आबांच्या आंधळ्या चालीला वाहवा दिली होती ती माणसं जाजमाकडे बघू लागली. कोणीतरी जाऊन बायकांना सांगितलं असावं, कारण झोक्यावरची गाणी अर्ध्यावर थांबली.

लोटन गर्दीतून पुढे आला. तो बापासमोर उकिडवा बसला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला, लहान पोराने करावं तसा. आबांची डावी पापणी जराशी हलली. उजवा डोळा तसाच राहिला. लोटनने विचारलं की दोन साल म्हणजे नेमकं कधीपासून, आणि विचारता विचारताच त्याला काहीतरी आठवलं. त्याचा चेहरा उतरला.

गेल्या पौष महिन्यात आबा पिंपळनेरच्या बाजारातून गाडी घेऊन येत होते. गाडीत लोटनची बायको मंदाबाई होती. पांझरेच्या उतारावर गाडी वाटेवरून खाली घसरली आणि कलंडली. मंदाबाईचा मनगटाजवळ हात मोडला, तो बसवला, पण वाकडाच बसला. आबांनी सांगितलं की बैल बुजला. खिल्लारी जोडीतला उजवा, पाखऱ्या, लोटनने स्वतः वासरापासून वाढवलेला. बुजऱ्या बैलाला घरात ठेवायचं नाही म्हणून लोटनने तो साक्रीच्या बाजारात विकून टाकला. जोडी मोडली. तेव्हापासून गाडीला शेजारून मागून आणलेला बैल जुंपत होते.

"पाखऱ्या बुजना नव्हता?" लोटनने विचारलं.

आबांनी मान हलवली. "बैल बिचारा चांगला व्हता. मीच गाडी खाले घाली. खोट मनी व्हती, बैलनी नही."

"अनी तू माले तो इकू दिधा."

लोटन एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही. तो उठला, पायात वहाणा घातल्या आणि चावडीमागून शेताच्या वाटेला लागला. झोक्यापाशी उभ्या असलेल्या बायकांत मंदाबाई होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने आपला वाकडा हात पदराखाली घेतला आणि तीही घराकडे गेली.

ताईबाईला वाटलं, आता खेळ मोडेल, आबांना उठवून घरी न्यावं. तिने त्यांच्या दंडाला हात लावला. आबांनी तो हात काढला. ते झुलालनानांना म्हणाले की आपले चिंचोके संपलेले नाहीत, आणि चिंचोके असेपर्यंत कोणी कोणाला उठवत नाही, असा नियम नानांनीच केलेला आहे. नानांनी बाकीच्यांना विचारलं. मग ठरलं, की ताईबाईने आबांची पानं त्यांच्या कानात वाचून दाखवायची, दुसऱ्याच्या पानांकडे बघायचं नाही, आणि काय करायचं हे आबांनीच ठरवायचं. गिरधर सगळ्यात आधी हो म्हणाला. त्याला कोणाच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

ताईबाई पायरीवरून उतरून जाजमावर आली. बायकांमधून कोणी कधी त्या जाजमावर बसलं नव्हतं. त्या वेळी कोणाला त्याचंही भान नव्हतं.

पुढे खेळ भराभर संपत गेला, कारण कोणाचं मन लागत नव्हतं. दोघं उठले, मग आणखी एक. गिरधरने छक्कीची जोडी नको तेवढी फुगवली आणि धनसिंगच्या रंगाच्या पानांपुढे सगळे चिंचोके घालवले. तो उठला तेव्हा आबांच्या पाया पडून गेला. आबांना कोण पाया पडलं ते ताईबाईला सांगावं लागलं.

आता धनसिंग आणि आबा. धनसिंग कुडाशीकडचा, ट्रॅक्टर भाड्याने चालवणारा, तिशीतला गडी. त्याच्यापुढे ढीग होता. आबांच्या चिंचोक्यांवरून त्यांनी स्वतः हात फिरवला. मूठभर होते, आणि नानांची पळी अजून एकदा वाजली तर निम्मे नुसतं डाव मांडण्यातच जाणार होते.

पानं वाटली गेली. ताईबाईने ती उचलली आणि हाताचा आडोसा करून पाहिली.

"सत्ती," ती त्यांच्या कानात म्हणाली. "सत्ती. तिर्री शे."

ताईबाईला त्यांच्या तोंडावर काही वेगळंच दिसलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपल्या हातात काय आहे हे खात्रीने कळलं होतं. ते सरळ बसले, जुन्या सवयीने मांडी बदलली आणि दोन्ही हातांनी मूठभर चिंचोके पुढे सारले.

"बठ्ठा."

धनसिंगने आपली पानं पाहिली. पाहिली आणि परत पालथी घातली. तो म्हाताऱ्याकडे बघत राहिला, मग ताईबाईकडे, मग नानांकडे. वेळ जायला लागला, तसं आबांनी डोकं वर केलं.

"धनसिंग," ते म्हणाले, "मना डोळा गयात म्हणीसन मना खेळ गया असं समजू नको. पान व्हई तं ये."

धनसिंगने चिंचोके लावले आणि पानं उलटी केली. नव्वी, नव्वी, गुलाम. ताईबाईला ते मोठ्याने वाचवेना, पण वाचावं लागलं. झुलालनानांनी तांब्याचा हंडा धनसिंगसमोर ठेवला. धनसिंगने तो घेतला आणि मान खाली घालून ट्रॅक्टरकडे गेला.

आबा ताईबाईच्या हाताला धरून उठले. घराकडे जाताना त्यांनी सांगितलं की ही जोडी बरोबर खेळली, पुन्हा आली तर पुन्हा अशीच खेळायची, मोठी जोडी निघाली त्याला कोण काय करणार. ताईबाईला वाटलं, हा माणूस अजून पत्त्यांबद्दलच कसा बोलू शकतो. मग वळणावर आबांनी आपण होऊन डावीकडे पाय टाकला, पुढे दगड होता तिथे पाऊल उचललं, आणि तिला कळलं की ही सगळी वाट त्यांनी पायांत पाठ करून ठेवली आहे.

दारात यशोदाबाई उभी होती. तिला बातमी आधीच कळली होती. नवऱ्याला ओसरीवर बसवून ती आत वळली, आणि वळताना पायाने वाटेतला पाट बाजूला सारला. ते इतकं सहज होतं की ताईबाईला सगळंच उलगडलं. आपली माय रोज हे करते आहे. पाण्याचा तांब्या एकाच जागी ठेवते. शेतात जाताना त्यांच्या दोन पावलं पुढे चालते आणि बांगड्या वाजवत राहते. ताईबाई दिवाळीला आली होती तेव्हा हेच सगळं तिच्या डोळ्यांसमोर चालू होतं, आणि तिला वाटलं होतं, म्हातारपणी दोघांचं प्रेम वाढलं.

"तुले माहीत व्हतं," ताईबाई म्हणाली.

यशोदाबाई चुलीपुढे बसली. तिने सांगितलं की आबांनी तिला स्वतःची शपथ घातली होती. त्यांच्या वडिलांचे डोळे असेच गढूळ झाले होते, तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या एका वैदूने सुईने काहीतरी केलं. चार दिवस त्यांना दिसलं, मग पू झाला आणि दोन्ही डोळे गेले. पुढची सगळी वर्षं ते पडवीतल्या खाटेवर बसून होते. घरात काय चाललंय ते कोणी त्यांना सांगत नसे, कोणी विचारत नसे. आबांनी लहानपणी ती खाट पाहिली होती. माणसाला एकदा खाटेवर बसवलं की कोणी उठवत नाही, असं ते म्हणत. म्हणून डॉक्टर नको आणि लोटनला सांगायचंही नाही.

ताईबाईने विचारलं की मंदाबाईचा हात मोडला, तेव्हाही सांगावंसं वाटलं नाही का. यशोदाबाई चुलीत नसलेला जाळ सारखा करत राहिली. मागे मंदाबाई परातीत आंब्याचा रस काढत होती. दोघींना वाटलं होतं ती बाहेर आहे. तिने रसाची परात झाकली, हात धुतले, आणि सासूकडे न बघता परसात निघून गेली.

लोटन त्या दिवशी जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून तो पाखऱ्याच्या शोधात निघाला आणि दिवस मावळायला परत आला. साक्रीच्या पलीकडच्या एका शेतकऱ्याकडे बैल होता. त्याने लोटनला बैल दाखवला, पाणी पाजलं आणि सांगितलं की इतका गरीब बैल त्याने जन्मात पाहिला नाही, त्याची लहान मुलं त्याच्या पाठीवर बसतात. परत द्यायला मात्र तो तयार नव्हता. लोटनने हे सगळं ओसरीवर उभं राहून आबांना सांगितलं, एक शब्द न गाळता. बैलाने मला ओळखलं, हेही सांगितलं. आबा ऐकत होते. त्यांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि मग बराच वेळ ते परत घातलं नाही.

ताईबाईने ठरवलं की आबांना धुळ्याला घेऊन जायचं. तिचा नवरा मगन तिथे एस.टी.च्या वर्कशॉपात होता, डोळ्यांचे डॉक्टर त्याच्या ओळखीचे होते. आबा नको म्हणणार हे सगळ्यांनी धरलं होतं. पण निघायच्या दिवशी मंदाबाई, जी तेव्हापासून त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती, ओसरीवर आली, तिने आपल्या त्याच वाकड्या हाताने आबांचा दंड धरला आणि त्यांना उठवलं. "चला," ती म्हणाली. एस.टी.च्या थांब्यापर्यंत तिने तो दंड सोडला नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मगनला आणि ताईबाईला बाजूला न घेता, आबांसमोरच त्यांनी सांगितलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पिकला आहे, काढता येईल, चष्म्याने बऱ्यापैकी दिसेल. उजवा काचबिंदूने गेला. त्यातली नस वाळली आहे, तो आता परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आले असते तर कदाचित राखता आला असता.

आबा खुर्चीत तसेच होते. त्यांनी फक्त विचारलं, की यात सुई वापरतात का. डॉक्टरांनी काय करतात ते समजावून सांगितलं. आबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, करा.

पाऊस लागायच्या आधी ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी यशोदाबाई आणि लोटनही आले होते. लोटन दाराशी उभा होता, बापाशी अजून कामापुरतंच बोलत होता. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला, जाड भिंगाचा चष्मा लावला. आबा बराच वेळ डोळा मिचकावत राहिले. पहिल्यांदा त्यांनी आपलेच हात पाहिले. मग समोर उभ्या ताईबाईकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. ती चौतिशीची होती. गेल्या दोन वर्षांत कपाळावरचे केस झपाट्याने पांढरे झाले होते, आणि घरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

"ताई," आबा म्हणाले, "तुना केस कव्हय पिकनात वं?"

ताईबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. आबांनी मान वळवून यशोदाबाईला शोधलं, तिचाही चेहरा तसाच बराच वेळ पाहिला. मग दाराकडे वळून लोटनला जवळ बोलावलं. लोटन जागचा हलला नाही. थोड्या वेळाने आला, आणि खाटेच्या कडेला टेकला.